औषध सोपे करावे, सोडू नये

मंडळी, आज ज्या दुखण्याविषयी बोलायचे आहे, त्याचे नाव गावात अजूनही हळू आवाजात घेतले जाते. ते दुखणे म्हणजे एचआयव्हीची लागण. ती कशी होते, कशी टाळावी, हे तुम्ही पुष्कळदा ऐकले आहे, शाळेच्या आणि दवाखान्याच्या भिंतीवर वाचलेही आहे. ते मी पुन्हा सांगत बसत नाही. आज त्याच्या पुढची गोष्ट सांगायची आहे. लागण झाली, औषध सुरू झाले, औषधाने गुणही आला. मग पुढे काय?

असे समजा की, तुमच्याच पंचक्रोशीत एक शेतकरी आहे. एस. टी.ने जिल्ह्याच्या गावी जाऊन तो नेमाने गोळ्या आणतो. ताप गेला, अंग भरले, पुन्हा शेतात राबू लागला. एके दिवशी रक्ताच्या तपासणीचा कागद हाती पडतो आणि केंद्रातली बाई सांगते, "रक्तात विषाणू आढळला नाही." गडी आनंदाने घरी येतो आणि कारभारणीला म्हणतो, "अगं, सुटलो आपण! आता कशाला त्या गोळ्या?" ती विचारते, "अहो, पण डॉक्टर काय म्हणाले?" "डॉक्टर म्हणायचेच. औषध खातो मी, का डॉक्टर?"

झालं! चार वर्षांत कमावलेले या एका बोलण्याने घालवायची वेळ येते. आणि गंमत अशी की, त्याच्या म्हणण्यात अर्धे खरेही आहे. विषाणू एकदा दबला की औषध सोपे करता येते, ही गोष्ट खरी. पण सोपे करणे निराळे आणि सोडणे निराळे. हा फरक नीट उमजला, तर आजच्या बोलण्याचे सार्थक झाले.

प्रथम 'आढळला नाही' याचा अर्थ पाहू. तुमच्यापैकी ज्यांच्या रानात हरळी आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. हरळी खणून काढली, रान स्वच्छ दिसले, तरी मातीत काशा उरतातच. वरून हिरवे पातेही दिसत नाही, पण पाणी मिळाले की पुन्हा फुटवे येतात. एचआयव्हीचे तसेच आहे. हा विषाणू आपल्या रक्तातल्या सीडी-फोर नावाच्या राखणदार पेशींत शिरतो आणि पेशीच्या मूळ मजकुरात आपला मजकूर लिहून ठेवतो. पुष्कळ पेशी त्या मजकुराबरहुकूम विषाणूच्या नकला काढतात आणि मरून जातात. पण काही थोड्या पेशी तो मजकूर पोटात ठेवून झोपी जातात. आपली औषधे विषाणूच्या वाढीत कुठे ना कुठे खोडा घालतात. जो वाढतच नाही, नुसता निजून आहे, त्याला ती काय करणार?

हे झोपलेले साठे असतात, हे शास्त्रज्ञांनी १९९७ साली दाखवून दिले. औषध चालू असताना ते किती वर्षांत आपोआप संपतील, याचा हिशेब १९९९ मध्ये मांडला गेला, तेव्हा उत्तर आले साठ वर्षे. म्हणजे माणसाचे आयुष्यच! औषध बंद केले की यातल्या काही पेशी जाग्या होतात, आणि बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसू लागतो. तेव्हा कागदावरच्या 'आढळला नाही' या शब्दांचा अर्थ 'गेला' असा नाही. 'औषधाने दाबून ठेवला आहे' एवढाच त्याचा अर्थ.

आता कोणी विचारील, दाबायला इतकी औषधे एकदम कशाला? एकच जालीम औषध का देत नाहीत? याचे उत्तर शिक्षक बंधू-भगिनींना चटकन पटेल. फळ्यावरचा धडा वर्गाने उतरवून घेतला, तर काही वह्यांत चुका सापडतातच. एखाद्याची वेलांटी राहते, एखाद्याचा काना जातो. या विषाणूचा सारा मजकूर दहा हजार अक्षरांच्या आसपास आहे, आणि तो उतरवून घेणारा त्याचा कारकून मोठा धांदरट आहे. लिहिलेले तपासून पाहण्याची त्याला सवयच नाही. औषध नसेल, तर रोज अब्जावधी नकला निघतात. इतक्या चुकांत एखादी चूक विषाणूच्या पथ्यावर पडते. ज्या ठिकाणी औषध त्याला धरत होते, ती जागाच बदलते. मग औषध लागू पडत नाही. यालाच औषधाला प्रतिकार उत्पन्न होणे म्हणतात.

अनुभवही असाच आला. एचआयव्हीवरचे पहिले औषध, झिडोव्हुडिन, १९८७ साली अमेरिकेत मंजूर झाले. एकट्या त्या औषधाने रोग्यांना काही काळ बरे वाटे, आणि मग विषाणू त्याला दाद देईनासा होई. १९९६ मध्ये तीन औषधे एकत्र देण्याची रीत आली आणि चित्र पालटले. एका औषधाला चुकवायला एखादी चूक पुरेल, पण तिघांनाही एकाच वेळी चुकवायचे तर एकाच नकलेत सोयीच्या बऱ्याच चुका जुळून याव्या लागतात. ते फार अवघड. माणसे अंथरुणावरून उठून कामाला जाऊ लागली.

पण त्या वेळचे औषध घेणे म्हणजे एक व्रतच होते. इंडिनाव्हिर नावाचे औषध दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी किंवा अगदी हलक्या खाण्यावर घ्यावे लागे, आणि मूतखडा होऊ नये म्हणून दिवसाला दीड लिटर तरी पाणी प्यावे लागे. बरोबर बाकीच्या गोळ्या होत्याच. खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर. आपल्याकडच्या गरिबाला ते स्वप्नातही शक्य नव्हते.

इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधे एकाच गोळीत बसवली आणि फेब्रुवारी २००१ मध्ये ती गरीब देशांसाठी काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेला वर्षाला साडेतीनशे डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत, देऊ केली. कंपनीचे प्रमुख युसुफ हमीद यांच्या या घोषणेने जगभर औषधांच्या किमती खाली आल्या. पुढे १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने हे औषध फुकट देण्यास सुरुवात केली. अगदी पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. त्या वेळच्या गोळीतल्या स्टॅव्हुडिनने पायांची आग होई, गाल बसत. हळूहळू ते औषध मागे पडले. आज आपल्या सरकारी केंद्रांत बहुतेक मोठ्या माणसांना मिळते ती दिवसातून एकदा घ्यायची एकच गोळी. तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर अशी तीन औषधे आहेत. लहान मुलांसाठी डोल्युटेग्रॅव्हिरची पाण्यात विरघळणारी, फळाच्या चवीची गोळी निघाली. कडू औषधासाठी मुलाचे नाक दाबून धरावे लागे, तो त्रास कमी झाला.

तेव्हा सोपे करण्याची पहिली पायरी आपण चढलोच आहोत. औषधे तीनच, पण गोळी एक. दुसरी पायरी हेलपाटे कमी करण्याची. ज्याचा विषाणू दबलेला आहे आणि प्रकृती स्थिर आहे, त्याला दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतात, आणि घराजवळच्या जोड-केंद्रातूनही त्या मिळू शकतात. ज्याची एका खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते, त्याला ही सवलत गोळीइतकीच मोलाची. म्हणून ती केंद्रावर विचारून घ्या, संकोच करू नका.

तिसरी पायरी म्हणजे औषधांची संख्याच कमी करणे. एक तर वर्षानुवर्षे घ्यायचे औषध जितके थोडे, तितका शरीरावर भार कमी. टेनोफोव्हिरच्या जुन्या प्रकाराने काही जणांच्या मूत्रपिंडावर आणि हाडांवर परिणाम होतो, त्यांना तर याचा विशेष उपयोग. पण तीनऐवजी दोन औषधे पुरतील का? काळ्या मातीतली पडीक जमीन पहिल्यांदा फोडायची, तर पूर्वी लोखंडी नांगराला तीन-तीन, चार-चार बैलजोड्या जुंपत. एकदा जमीन मोडली, ढेकळे फुटली, की मग कुळवाला एक जोडी पुरे होई. तसेच विषाणू जोरात असताना तीन औषधे लागतात. तो दबून नकला थांबल्या, म्हणजे चुकांनाही वाव राहत नाही. मग नेमकी निवडलेली दोन औषधे त्याला धरून ठेवू शकतात.

हा नुसता तर्क नाही, पारखून पाहिलेली गोष्ट आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन जोडचाचण्यांत विषाणू दबलेले हजाराहून अधिक लोक होते. निम्म्यांनी जुनी औषधे चालू ठेवली, निम्म्यांना डोल्युटेग्रॅव्हिर आणि रिल्पिव्हिरिन अशी दोनच औषधे दिली. ४८ आठवड्यांनी दोन्ही गटांत शंभरातल्या ९५ जणांचा विषाणू दबलेलाच होता. डोल्युटेग्रॅव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन या जोडीची अशीच चाचणी ७४१ लोकांत झाली. २०२० मध्ये तिचा निकाल आला, तोही तसाच चांगला.

मग आणखी एक पाऊल पुढे जाऊन एकाच औषधावर का भागवू नये? तेही करून पाहिले गेले, आणि तिथे पाय घसरला. नेदरलँड्समध्ये विषाणू दबलेल्या लोकांना एकटे डोल्युटेग्रॅव्हिर देऊन पाहिले. काहींच्या रक्तात विषाणू परत आला, आणि त्यातल्या काहींत तो या औषधाला प्रतिकार करू लागलेला आढळला. चाचणी थांबवावी लागली. तिचा वृत्तान्त २०१७ मध्ये छापून आला. जोडी पुरते म्हणून एका बैलावर कुळव चालत नाही, असाच याचा अर्थ.

आणि औषधाला अधूनमधून सुट्टी दिली तर? आपल्या शेतकरी दोस्ताच्या मनातली खरी गोष्ट ही. तीही पाहिली गेली, आणि फार मोठ्या प्रमाणावर. ३३ देशांतल्या ५,४७२ लोकांची एक चाचणी २००२ मध्ये सुरू झाली. एका गटाने औषध अखंड घेतले. दुसऱ्या गटाने सीडी-फोर पेशी भरपूर असताना औषध बंद ठेवले आणि त्या घटल्या की पुन्हा सुरू केले. जानेवारी २००६ मध्ये ती अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण सुट्टी घेणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू यांचे प्रमाण दुपटीहून जास्त निघाले. नुसत्या एचआयव्हीशी संबंधित रोगांचेच नव्हे, तर हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांचे विकारही त्यांच्यात अधिक झाले.

फ्रान्समध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठवड्यातून चारच दिवस औषध घेणाऱ्यांचा विषाणू दबून राहिला, हेही खरे. पण ते लोक पारखून निवडलेले होते, त्यांचे रक्त ठरल्या वेळी तपासले जात होते, आणि ज्यांचा विषाणू परतला त्यांच्यापैकी काहींत प्रतिकारही सापडला. तेव्हा ही बातमी कानावर आली, तर तिच्या भरवशावर घरच्या घरी गोळ्या गाळू नका. तिथे डॉक्टर दर पावलाला बरोबर होते. इथे तुम्ही एकटे असाल.

औषधे कमी करण्याआधी डॉक्टर काय पाहतात? पहिले, विषाणू खरोखर दबला आहे का, आणि काही काळ दबून राहिला आहे का. दुसरे, काविळीचा 'बी' प्रकार अंगात आहे का. हे फार महत्त्वाचे आहे. टेनोफोव्हिर या काविळीलाही दाबून ठेवते. ते काढून घेतले तर एचआयव्ही जागच्या जागी राहील, पण कावीळ उसळून यकृत धोक्यात येईल. तिसरे, क्षयाचे औषध चालू आहे का. क्षयावरच्या रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्रॅव्हिर शरीरातून लवकर निघून जाते, म्हणून त्या काळात ते कमी तर नाहीच, उलट दिवसातून दोनदा द्यावे लागते. चौथे, पूर्वी कधी औषधात खंड पडून प्रतिकार उत्पन्न झाला होता का. म्हणून जुने कागद फेकू नका, आणि चुकलेल्या गोळ्या डॉक्टरांपासून लपवू नका. ते रागावतील, पण खरे कळले तरच योग्य औषध देतील.

आता कळेल की सरकारी केंद्रांत तीन औषधांची एकच गोळी सर्रास का देतात. ती कावीळ 'बी' असलेल्यालाही चालते, स्वस्त आहे, आणि घेणाऱ्याला दोन औषधांची गोळी काय, तीन औषधांची काय, दिवसाला एकच. तेव्हा आपल्याला दोन औषधे मिळत नाहीत म्हणून मनात किंतु नको. तुमचे औषध कमअस्सल नाही.

अलीकडे रोजची गोळीच नको, अशीही सोय निघाली आहे. कॅबोटेग्रॅव्हिर आणि रिल्पिव्हिरिन यांची दोन इंजेक्शने दर दोन महिन्यांनी नितंबांत देतात. अमेरिकेत २०२१ मध्ये ही जोडी मंजूर झाली, तेव्हा ती दरमहा द्यायची होती. दोन महिन्यांची मुदत २०२२ मध्ये मिळाली. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, विषाणू पूर्ण दबलेल्या आणि कावीळ 'बी' नसलेल्या लोकांसाठी गोळ्यांऐवजी हा पर्याय चालेल, अशी शिफारस केली. घरात गोळ्यांची डबी लपवावी लागते, अशा माणसाला याचे मोल समजेल. पण तारीख चुकवून चालत नाही. इंजेक्शनचा अंश शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळतो. इतक्या थोड्या औषधाने विषाणू दबत नाही, पण त्याला प्रतिकार शिकायला सवड मात्र मिळते. आपल्या सरकारी केंद्रांत अजून मुख्य भिस्त गोळीवरच आहे.

आता रोजच्या व्यवहारातल्या चार गोष्टी. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या डोल्युटेग्रॅव्हिरला पोटात अडवतात. त्या दोन्ही घ्यायच्या असतील तर जेवणाबरोबर एकदम घ्या, नाहीतर एचआयव्हीची गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. गरोदर बायकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. आम्लपित्ताच्या औषधांतही असेच अंतर ठेवायचे, आणि तेही विचारून. गोळी राहिली तर आठवताच घ्या. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नका. ऊसतोडीला निघण्यापूर्वी केंद्रावर आठवडाभर आधी जाऊन सांगा, म्हणजे जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा कारखान्याजवळच्या केंद्रासाठी चिठ्ठी मिळेल. पुष्कळांच्या औषधात खंड पडतो तो आळसाने नव्हे, अशा स्थलांतराने. आणि विषाणूभाराची तपासणी चुकवू नका. औषध सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी, आणि पुढे दर वर्षी ती करायची असते. शंका आली, तर १०९७ या फुकट क्रमांकावर विचारता येते.

नेमाने औषध घेतल्याचे आणखी एक फळ आहे. २०११ मध्ये निकाल आलेल्या एका चाचणीत नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती. आपल्याकडून पुणे आणि चेन्नई येथील जोडप्यांनी तिच्यात भाग घेतला. एकाला लागण, दुसऱ्याला नाही, अशी ही जोडपी. औषध लवकर सुरू केले, तेव्हा जोडीदाराला लागण होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटले. पुढच्या अभ्यासांनी ही गोष्ट आणखी पक्की केली. ज्याच्या रक्तात विषाणू सापडत नाही इतका दबलेला आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणजे ती एक गोळी दोघांची राखण करते. ती सोडली, की दोघेही उघड्यावर.

शिक्षक मंडळींना शेवटी एक विनंती. तुमच्या वर्गात एखादे मूल हे औषध घेत असेल. कोणते, हे तुम्हाला ठाऊक नसेल, आणि ते ठाऊक असण्याची गरजही नाही. शेजारी बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने ही लागण होत नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. लागणीमुळे मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि त्याचे गुपितही राखावे लागते. एखाद्या आईने हळूच सांगितलेच, तर ते तुमच्यापाशीच राहू द्या. कुजबुजीला भिऊन पुष्कळ जण दूरच्या केंद्रावर जातात, खेपा चुकवतात, आणि औषध तुटते. गावाने तोंड आवरले, तर औषध सोपे करण्याचे निम्मे काम बिनखर्चाने होईल.

तर आपला तो शेतकरी आता काय करील? कागद घेऊन केंद्रावर जाईल आणि विचारील, "डॉक्टरसाहेब, माझ्या खेपा कमी होतील का? माझ्या मूत्रपिंडाची आणि काविळीची तपासणी झाली आहे का? माझे औषध आणखी सोपे करता येईल का?" हे तिन्ही प्रश्न विचारण्याचा त्याला हक्क आहे. उत्तर 'हो' आले तर उत्तमच. 'नाही' आले, तरी रात्री जेवण झाल्यावर कारभारीण पाण्याचा तांब्या पुढे करील, तेव्हा त्याने गोळी घ्यावी आणि सकाळी उठून कामाला लागावे.